बराकीतली एकुलती बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट ऐकायची तर जरा लांब बसून ऐका. माझ्या अंगाला जो वास आहे तो आता कशानेही जायचा नाही. इथल्या शिपायाने मला उन्हात ठेवून पाहिलं, घासून पाहिलं, शेवटी नाद सोडला. कोर्टाच्या मागच्या खोलीत, जप्त केलेल्या सामानात मी पडून आहे. एका बाजूला मोडकी सायकल, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घराचा तोडलेला कडीकोयंडा. माझ्या कडीला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर मोहोर आहे. तुम्ही म्हणाल, बादलीने असा काय गुन्हा केला? अहो, बादली कसला गुन्हा करते! मी साक्षीला आले आहे. पण मला कुणी काही विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. जस्त चढवलेला पत्रा कापला, वाकवला, शिवण ठोकली आणि खाली बूड बसवलं. बूड बसवणारा कारागीर मोठा चिडका होता. प्रत्येक बादली तो काठोकाठ भरायचा, कोरड्या फळीवर ठेवायचा आणि फळी ओली होते का ते बघत बसायचा. माझी फळी कोरडी राहिली. तो म्हणाला, "ही मरेपर्यंत गळायची नाही." माझी कुणी केलेली ती पहिली स्तुती. मी अशी फुगले की विचारू नका. मला वाटायचं, आपण कुणाच्या तरी घरी जाऊ, माझ्यातल्या कोमट पाण्याने तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतील. कशाचं काय! आमचा अख्खा ढीग तुरुंगासाठी विकला गेला. ना वकील, ना दलील, थेट जन्मठेप.

सुरुवातीला बराकीत आम्ही चौघी होतो. एक पिण्याच्या पाण्याची, एक अंघोळीची, एक फरशी धुवायची आणि एक संडासाची. नियमच होता तसा. मी पिण्याच्या पाण्याची, त्यामुळे माझा तोरा वेगळाच. मग एकीचं बूड गंजलं. एक जमादाराच्या, म्हणजे आमच्या पहारेकऱ्यांच्या वरच्या माणसाच्या, घरी झाडांना पाणी घालायला गेली ती तिकडचीच झाली. एक भांडणात कुणाच्या तरी डोक्यात बसली आणि पार चेपली. नवीन मागितल्या की वरून एकच उत्तर यायचं, "येतील." बराकीत माणसं मात्र वाढत गेली. वीस जणांच्या जागेत साठ जण झोपायला लागले, आणि त्या साठांना मी एकटी उरले.

तुम्ही विचाराल, तिथे नळ नव्हता का? होता ना! भिंतीत चांगला पितळी नळ होता. पण माझ्या आठवणीत त्याला पाणी कधी आलंच नाही. आमच्याकडे त्याला कुणी नळ म्हणतसुद्धा नसे. ती आपली टॉवेल अडकवायची खुंटी. पाणी आणायचं ते आवारातल्या हौदावरून. ते काम मुकादमाचं. मुकादम म्हणजे शिक्षा झालेला जुना कैदी, बराकीवर देखरेखीला नेमलेला. तो सकाळी मला भरून आणायचा. पहिल्या खेपेचं पाणी प्यायला, दुसऱ्या खेपेचं संडासात ओतायला, तिसऱ्या खेपेचं पुन्हा प्यायला, असं दिवसभर. मधे मला विसळणार कशाने? प्यायच्या आधी माणसं डोळे मिटून घ्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात गटार तुंबलेलं. संडासात ओतलेलं पाणी जायचं कमी आणि उलटं यायचं जास्त. ते यायचं ते थेट कोपऱ्यात, कारण फरशीचा उतारच तिकडे होता. आणि बराकीचा एक रिवाज होता. नवा माणूस संडासाशी झोपायचा. कुणी सुटला, कुणी दुसरीकडे गेला की एकेक हात वर सरकायचं, दाराकडे, उजेडाकडे. मुकादमाची जागा दाराशी होती. तिथे वारा यायचा.

त्या कोपऱ्यात एके दिवशी दोघे भाऊ आले. थोरला शाळेची बस चालवायचा आणि धाकटा सायकली दुरुस्त करायचा. दुकानाच्या जागेवरून शेजाऱ्याशी मारामारी झाली होती आणि खटला अजून उभाच राहायचा होता. म्हणजे गुन्हा केला की नाही हेही ठरलेलं नव्हतं, बरं का. जामीन मिळत नव्हता म्हणून आत. पहिल्या दिवशी थोरल्याने स्वतःचं अंथरूण घाणीच्या बाजूला टाकलं आणि धाकट्याला भिंतीकडे सरकवलं. त्यांची आई भेटीला आली तेव्हा म्हणाली होती म्हणे, "धाकट्याला सांभाळ रे, त्याला कळत नाही." यावर धाकटा हसला होता. तो कशावरही हसायचा. मला तो मावशी म्हणायचा. सकाळी माझ्यात डोकावून विचारायचा, "काय मावशी, आज प्यायचं की दुसरं?" अख्खी बराक हसायची. इतक्या वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि मला तो पोरगा आवडायला लागला.

संडासाच्या भांड्याची कड फुटलेली होती. ती धाकट्याच्या टाचेत घुसली. जखम एवढीशी होती. बाहेर असता तर धुतली असती, पट्टी बांधली असती आणि चार दिवसांत विसरला असता. पण धुणार कशाने? माझ्यातल्या पाण्याने? आणि धुतली तरी पाय टेकवणार कुठे? थोरल्याने आपला सदरा फाडून टाच बांधली. घाण पाणी कापडातून आत शिरलं. पाय सुजला, लाल झाला, मग लाली घोट्याच्या वर चढली. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर आले. त्यांनी गजाबाहेरून पाय पाहिला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "पाय कोरडा ठेवा."

त्यावर बराकीत कुणीच हसलं नाही. धाकटाच हसला. म्हणाला, "दादा, मग मला नळावर टांगून ठेव."

थोरला तक्रारी करायला लागला. जमादाराकडे तक्रार केली, तुरुंगाच्या मोठ्या साहेबांकडे केली, डॉक्टरांकडे पुन्हा केली. जमादार त्याला तक्रारराव म्हणायला लागला. "काय तक्रारराव, आज काय नाही आवडलं? गादी मऊ हवी की खोलीला खिडकी हवी?" थोरला म्हणायचा, "माझ्या भावाला दवाखान्यात न्या. बाकी काही नको." जमादार म्हणायचा, "नेऊ की." नेऊ की, नेऊ की, करत लाली पोटरीपर्यंत आली.

मग फुकट वकील मिळतो ते कुणीतरी सांगितलं. वकील आले, तरुण होते, नाकाला रुमाल न लावता कोपऱ्यात उभे राहिले. मला ते तिथेच आवडले. त्यांनी सगळं पाहिलं, मलाही उचलून पाहिलं आणि कोर्टात थोरल्याच्या नावाने दावा लावला. त्यांनी थोरल्याला समजावलं ते मी ऐकलं आहे. "कोर्ट माणसाला कोंडून ठेवू शकतं. घाणीत ठेवा असं कुठलाच कायदा सांगत नाही. आत आलात म्हणून तुमचं माणूसपण दारावर काढून ठेवलेलं नाही." थोरला म्हणाला, "ते सगळं खरं साहेब, पण भावाचं आधी बघा." वकिलांनी अर्जात ते सगळ्यात वर घातलं.

तुरुंगाने उत्तर दिलं की बराकीत चोवीस तास नळाला पाणी आहे, पुरेशा बादल्या आहेत, सफाई रोज होते आणि अर्ज करणारा माणूस भांडखोर आहे. आता बोला! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कोर्टाने सांगितलं, पाहणीसाठी नेमलेल्या आमच्या बाई जाऊन पाहतील. न कळवता येतील.

पण न कळवता येणार हे तुरुंगाला आधीच कळलं.

मग काय विचारता! फिनाईल आलं, झाडू आले, निळ्या प्लॅस्टिकच्या नव्याकोऱ्या बादल्या आल्या, त्यांच्या बुडाची लेबलंसुद्धा काढलेली नव्हती. मला वाटलं, आता माझी सुटका. पण मला चुना कालवायला घेतलं. मुकादम नुसता अंगात आल्यासारखा सुटला होता. जमादाराने सांगितलं होतं, "जे दिसेल ते पांढरं दिसलं पाहिजे." मुकादमाने भिंती रंगवल्या, संडासाचा आडोसा रंगवला, गज रंगवले आणि हात वर गेला तसा नळही रंगवला. दोन हात दिले. त्याच्या लेखी ती खुंटीच होती. बराकीत त्या वेळी इतकी माणसं होती, एकाच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

तोवर धाकट्याला ताप भरला होता. पाय गुडघ्यापर्यंत टणक झाला होता आणि त्याला वास येत होता. असा माणूस पांढऱ्या बराकीत कसा चालेल? जमादार त्याच्याजवळ उकिडवा बसला. आवाज अगदी गोड केला.

"हे बघ, तुला जरा मागे जुन्या कांबळ्यांच्या खोलीत हलवतो. बाई गेल्या की लगेच दवाखाना. तोवर हूं की चूं करायचं नाही. आवाज झाला तर तुझ्या दादाची केस बिघडेल."

धाकट्याने मान हलवली. "दादाची केस नको बिघडायला."

दोघा कैद्यांनी त्याला घोंगडीवर घालून उचललं. जाताना त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी आतबाहेर चुन्याने माखलेली. एवढ्या तापात तो म्हणाला, "मावशी, आज तर पावडर लावून नटलात!" आणि त्याला बाहेर नेलं.

मग जमादार थोरल्याकडे वळला. माझ्याशेजारीच उभे होते दोघे.

"तक्रारराव, आज तोंड बंद. तोंड बंद ठेवलंस तर संध्याकाळच्या आत तुझा भाऊ मोठ्या दवाखान्यात असेल, माझा शब्द. उघडलंस, तर तो तिथेच राहील आणि मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही. ठरव तुझं तू."

मित्रांनो, तुम्ही काय केलं असतं? इतके दिवस ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आला आणि नेमकं त्याच दिवशी तोंडाला कुलूप. थोरला आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

कोर्टाच्या बाई आल्या. बुटक्याशा, हातात पिशवी, चष्मा सारखा घसरत होता. त्यांनी भिंतीला हात लावला तर पंजा पांढरा झाला. चुना अजून ओला होता. "हात कुठे धुऊ?" असं म्हणत त्या साहजिकच नळाकडे गेल्या. कोर्टाला लिहून दिलं होतं ना, चोवीस तास पाणी आहे म्हणून!

त्यांनी नळ फिरवला. फिरेना. जोर लावला तसा चुन्याचा पापुद्रा तडकला आणि खाली पडला. नळाच्या तोंडावर दुधावर साय धरावी तसा चुना धरला होता. बाईंनी पेनाने तो फोडला. आतून थोडी धूळ पडली आणि एक वाळलेलं झुरळ पडलं.

जमादार म्हणाला, "पाणी आत्ताच गेलं वाटतं."

बाईंनी पेन पुसलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मुकादमाचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा झाला होता. मी मनात म्हटलं, झालं! पकडले गेले! आता थोरला बोलेल, आता सगळं बाहेर येईल.

बाई थोरल्याकडे गेल्या. "अर्ज तुम्हीच केलाय ना? घाबरू नका. पाणी कुठून येतं इथे?"

थोरल्याने जमादाराकडे पाहिलं. म्हणाला, "काही तक्रार नाही, मॅडम."

"अर्जात तुमच्या भावाचं लिहिलंय. तो कुठे आहे?"

जमादारच बोलला. "दवाखान्यात नेलाय, मॅडम. नोंद आहे."

"खरं का हे?" बाईंनी थोरल्यालाच विचारलं. त्या थांबल्या, चांगल्या थांबल्या. त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

आणि थोरल्याने मान हलवली.

अरे बोल ना! मी आतून ओरडत होते. बोल रे बाबा, चार भिंती पलीकडे आहे तो! पण बादलीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. नव्या निळ्या बादल्यांच्या रांगेत मी एकटीच जुनी, चुन्याने भरलेली. त्यांनी चुना खरवडला आणि आतला तपकिरी थर पाहिला. "ही इथली मूळची बादली दिसते," म्हणाल्या, आणि मला पुरावा म्हणून बरोबर घेतलं. दारातून बाहेर पडताना मी वळून पाहिलं. थोरला कोपऱ्यातच उभा होता. त्याला वाटत होतं, संध्याकाळपर्यंतचीच तर गोष्ट आहे.

पुढचं मला कोर्टात कळलं. मला टेबलावर ठेवलं होतं. नाक मुरडत का होईना, सगळे माझ्याकडे बघत होते. वकिलांनी सांगितलं तसं सांगते.

नळाचं बाईंनी त्याच दुपारी वर कळवलं. वर आरडाओरडा झाला. मोठ्या साहेबांनी सगळं जमादारावर ढकललं आणि संध्याकाळच्या आत त्याला तिथून हलवलं. ज्याने शब्द दिला होता तोच गेला, आणि जाताना त्याने कुणाला काही सांगितलं नाही. नवीन जमादार आला. थोरला गजाला डोकं आपटून ओरडत होता, "माझा भाऊ कांबळ्यांच्या खोलीत आहे!" नवा जमादार म्हणाला, "तुझा भाऊ दवाखान्यात आहे. इथे लिहिलंय. बाईंना तू स्वतःच तसं सांगितलंस." थोरला पुन्हा ओरडला. नवा जमादार म्हणाला, तक्रारराव पिसाळले. जुनं नाव नव्या माणसालाही पाठ झालं होतं.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काम करणारा एक कैदी पोत्यांसाठी त्या खोलीत गेला. त्याला कोर्टात बोलावलं होतं. हात पुसत पुसत बोलत होता, जणू आत्ताच भांडी टाकून आलाय.

"तो जिवंत होता, साहेब. ओठ पार फाटले होते. मी म्हटलं, अरे, मी भिंतीपलीकडेच असतो, एक हाक मारायची होतीस. तर म्हणाला, नको, दादाची केस बिघडेल."

एवढं बोलून तो रडायला लागला आणि मग त्याला काही बोलता येईना. धाकटा दवाखान्याच्या दारातच गेला. पोचायला फार उशीर झाला होता.

सरकारी वकील उठले. वाईट माणूस नसावा, पण कामाच्या घाईतला होता. म्हणाला, झालं ते दुःखद आहे, पण आता नळाला पाणी येतं, गटार मोकळं केलंय, बादल्या दिल्यात, तेव्हा या दाव्यात काही उरलेलं नाही, तो निकाली काढावा.

न्यायाधीशांनी थोरल्याला विचारलं, "तुमची आता काही तक्रार आहे?"

थोरला उभा राहिला. हाताला बेडी होती आणि दुसरं टोक पोलिसाच्या हातात. तो किती वाळला होता!

"साहेब, त्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, भाऊ दवाखान्यात आहे हे खरं का. मी मान हलवली. मी मान हलवली नसती, तर तो वाचला असता का? मला नळाचं काही नको. मला एवढंच सांगा."

बाई खाली मान घालून बसल्या होत्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मागच्या बाकावरून त्याची आई उठली. "नाही रे बाळा, तू नाही! तू नाही मारलंस त्याला!" शिपाई म्हणाला, "आजी, कोर्टात बोलायचं नाही," आणि तिला खाली बसवलं. मग कारकुनाने पुढची तारीख सांगितली. थोरल्याला बाहेर नेलं आणि मला या खोलीत आणून ठेवलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. दावा अजून चालू आहे. वकील हट्टाला पेटलेत, निकाली काढू देत नाहीत, एवढंच काय ते समाधान.

मित्रांनो, बादली नीट विसळा, नळ नीट बंद करा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरंच मागते. उद्या तुमच्यातलं कुणी त्या उंच खुर्चीवर बसेल, कुणी जमादार होईल, कुणी पिशवी घेऊन पाहणीला जाईल. तुमच्यासमोर एखादा माणूस खाली बघत म्हणेल, "काही तक्रार नाही." बाळांनो, ते लिहून घेऊन पुढे जाऊ नका. त्याला कशाची भीती आहे ते विचारा, आणि जी दारं तुम्हाला दाखवली नाहीत ती उघडायला लावा. पलीकडे कुणीतरी हाक न मारता पडलेलं असेल. पाणी न्या त्याच्यासाठी, लवकर न्या.